ऑगस्टमध्ये आई आणि मुलांना घेऊन श्रीलंका: पाऊस नेमका कुठल्या बाजूला असतो?

येळ्ळूर_शिवार · १२ जून

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची बरीच माणसं इथं आहेत, म्हणून इथंच विचारतोय.

माझा अण्णा मस्कतला असतो. तिकडच्या शाळांना सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये पडते, त्यामुळं तो दरवर्षी ऐन पावसात गावी येतो. यंदा त्याच्या मनात आहे की सगळ्यांनी मिळून दहा दिवस कुठंतरी जाऊया. आईला विचारलं, तर ती लगेच म्हणाली, "लंका." आईचं माहेर कणकुंबी. माउलीच्या देवळात सप्ताहाला रामकथा ऐकत ती मोठी झाली. सीतामाईला ठेवलं ते अशोकवन कसं असेल, हे तिच्या मनात साठ वर्षं आहे. आमच्यासाठी तिनं शेत केलं, शनिवारच्या बाजारात तांदूळ विकला, स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. हे पहिल्यांदा मागितलंय.

माणसं आठ: आई (वय ६८, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू), अण्णा, वैनी, त्यांची मुलं ९ आणि ६ वर्षांची, मी, बायको आणि आमची मुलगी ११ वर्षांची.

भीती पावसाची आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अण्णा पुण्याहून मुलांना घेऊन येत होता. यमगर्णीला वेदगंगेचं पाणी महामार्गावर चढलं आणि धाकटं अंगावर पिणारं असताना दोन रात्री त्यांना कागलला काढाव्या लागल्या. तेव्हापासून वैनी पावसात लांबच्या प्रवासाला तयार होत नाहीत. लंकेतही मे ते सप्टेंबर पावसाळाच असतो असं वाचलं. मग ऑगस्टमध्ये जाणं बरोबर आहे का? आणि तेव्हा श्रावण असेल, आई मांस-मासे खाणार नाही. तिच्या जेवणाचं काय करायचं?

निपाणीची_सून · १२ जून

दादा, मनापासून सांगते, राग मानू नका. म्हातारं माणूस आणि सहा वर्षांचं पोर घेऊन पावसात परमुलखात कशाला जायचं? आपल्याकडं पूर आला तर कुणीतरी पाव्हणं असतं, शाळेत तरी सोय होते. तिकडं कोण आहे? आम्ही यमगर्णीचं पाणी दारातून बघितलंय. आईंना थंडीत न्या, अण्णांना एक वर्ष सुट्टी पुढं-मागं करायला सांगा.

कणकुंबी_घाटमाथा · १३ जून

येळ्ळूर_शिवार, तुमच्या आईचं माहेर माझं गाव निघालं, म्हणून सविस्तर लिहितो.

"लंकेत ऑगस्टमध्ये पाऊस असतो का" हा प्रश्न अपुरा आहे. कोणी परका माणूस तुम्हाला विचारेल, "बेळगाव जिल्ह्यात जुलैत पाऊस असतो का?" काय उत्तर द्याल? कणकुंबीत तेव्हा आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, भिंतींना पाझर फुटतात, गोठ्यात शेकोटी ठेवावी लागते. त्याच दिवशी अथणीचा शेतकरी आभाळाकडं बघत बसलेला असतो. जिल्हा एकच. शेजारच्या आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, आणि तिथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत अथणीकडं दुष्काळी पट्टा लागतो. नैऋत्येचं वारं घाटाला धडकतं, वर चढतं, थंड होतं, पाणी सोडतं. पलीकडं उतरताना त्यात काही उरत नाही. हे आपण रोज जगतो, आणि बाहेर जायची वेळ आली की विसरतो.

लंकेतही हेच आहे, फक्त आटोपशीर. बेट सगळं मिळून कर्नाटकाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं. लांबी सव्वाचारशे किलोमीटरच्या वर, रुंदी सव्वादोनशेच्या आसपास. त्याच्या दक्षिण-मध्य भागात डोंगर, सगळ्यांत उंच पिदुरुतलागल, २५२४ मीटर. मे ते सप्टेंबर नैऋत्येचं वारं येतं ते कोलंबो, गॉल, रत्नपुरा आणि डोंगराच्या पश्चिम उतारावर ओतून मोकळं होतं. पूर्वेकडं उतरतं तेव्हा ते कोरडं आणि गरम असतं. बट्टिकलोआकडं त्या वाऱ्याला 'कच्चान' म्हणतात. पूर्व आणि उत्तर भागाचा खरा पाऊस ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत, ईशान्येच्या वाऱ्यावर. त्यांचे शेतीचे हंगामही दोन आहेत, 'यल' आणि 'महा', आपल्या खरीप-रब्बीसारखे. मोठा हंगाम महा, तो या हिवाळी पावसावर.

म्हणजे ऑगस्टमध्ये त्रिंकोमली, हबरणा, पोलोन्नरुवा, सिगिरिया ही तुमची अथणी-सौंदत्ती. कोलंबो आणि नुवारा एलिया ही तुमची कणकुंबी. आईंना आणि मुलांना सौंदत्तीकडं, म्हणजे त्या कोरड्या बाजूला न्या. निपाणीच्या ताई, तुमची काळजी खरी आहे, पण थंडीत म्हणजे डिसेंबरात तिकडं पूर्व किनाऱ्यावर पाऊस कोसळत असतो. तेव्हा बाजू उलटी निवडावी लागते, एवढंच.

शहापूर_गल्ली · १३ जून

घाटमाथा काकांनी लिहिलंय ते डोळ्यांनी बघितलंय. मी बेंगळुरूला नोकरीला आहे, दोनदा जाऊन आले. एकदा जुलैत, सासू-सासरे बरोबर होते.

विमानतळ कोलंबोत नाही, कटुनायकेला आहे, नेगोंबोच्या जवळ. पहिली रात्र नेगोंबोलाच काढा, कोलंबोच्या गर्दीत शिरू नका. पाऊस तिथं लागेल, समुद्र खवळलेला असेल, किनाऱ्यावर लाल बावटा असेल. मुलांना पाण्यात सोडायचं नाही. सकाळी लवकर निघालात की दुपारच्या जेवणाला हबरण्यात पोचता, आणि कुरुनेगला मागं पडलं की रंगच बदलतो. हिरवं कमी, धूळ जास्त. माझ्या सासऱ्यांनी विचारलं होतं, बैलहोंगल आलं का म्हणून.

हबरण्यात एकाच ठिकाणी चार रात्री राहा. तिथून सिगिरिया, डंबुल्ला, पोलोन्नरुवा, मिन्नेरिया सगळं तासाभराच्या आसपास. रोज बॅगा भरायला लावल्या की म्हातारी माणसं आणि लहान मुलं दोघंही थकतात, मग भांडणं सुरू होतात. आठ माणसांना ड्रायव्हरसकट मोठी व्हॅन घ्या. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात, पण स्वतः चालवायच्या भानगडीत पडू नका.

जेवण: भात आणि चार-पाच भाज्या सगळीकडं मिळतात. 'परिप्पू' म्हणजे मसूर डाळीचं नारळाच्या दुधातलं वरण. येळ्ळूरच्या माणसाला मसूर आवडणारच. सकाळी 'इंदिआप्पा', तांदळाच्या शेवया. जपायचं ते सांबोलाला. ओल्या खोबऱ्याची ती लाल चटणी दिसते शाकाहारी, पण तिच्यात बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाचा चुरा असतो, त्याला 'उंबलकडा' म्हणतात. श्रावण पाळणाऱ्या माणसासाठी प्रत्येक ठिकाणी हा शब्द घेऊन विचारा. नुसतं "व्हेज" म्हणून भागत नाही.

येळ्ळूर_शिवार · १३ जून

काका, ताई, फार आभार. वैनींना हे वाचून दाखवलं. अथणीचं उदाहरण त्यांना लगेच पटलं, त्यांचं माहेर तिकडचं.

पण एक अडचण राहतेच. अशोकवन म्हणून जे दाखवतात ते सीता एलिया नुवारा एलियाच्या पुढं पाच-सहा किलोमीटरवर आहे. म्हणजे नेमकं पावसाच्या बाजूला. आईला त्याचसाठी जायचंय.

कणकुंबी_घाटमाथा · १४ जून

मग स्पष्ट सांगतो. ऑगस्टमध्ये तिथं जायचं नाही. कँडीपासून नुवारा एलियाचा रस्ता सगळा घाट आहे. चहाचे उतार, वर दाट वस्ती, पावसात कडे सुटतात. चोर्ला घाटात दरड आली की आपण काय करतो? दोन दिवस थांबतो. तुमचं परतीचं विमान थांबणार नाही.

घटप्रभा_काठ · १४ जून

काकांचा आदर ठेवून थोडं वेगळं म्हणतो. आई जिच्यासाठी निघाली ती गोष्टच यादीतून काढली, तर ही सहल मुलांची झाली, तिची राहिली नाही. माझे वडील पंढरपूर-पंढरपूर म्हणत गेले आणि आम्ही "पुढच्या आषाढीला" म्हणत राहिलो. हे मनात राहतं.

माझा सल्ला: पूर्व भाग आधी करा, कँडीला शेवटचे तीन दिवस ठेवा आणि त्यातला एकही दिवस कशालाही बांधू नका. तिकडं दरडींचा इशारा देणारी सरकारी संस्था आहे, एन.बी.आर.ओ. ती तालुक्यासारख्या छोट्या विभागांसाठी तीन पायऱ्यांचे इशारे काढते: पिवळा, नारिंगी, लाल. रोज संध्याकाळी बघा. इशारा नसेल तर पहाटे निघा, दर्शन घ्या, दुपारी खाली या. पिवळा असेल तर ड्रायव्हरला विचारा आणि तो नको म्हणाला तर ऐका. त्याच्यावर असेल तर प्रश्नच नाही.

निपाणीची_सून · १४ जून

जाणारच असाल तर जळवांचं सांगते. डोंगराकडं गवतात उतरलात तर त्या लागणार. आमच्याकडं तंबाखू भिजवून ते पाणी मोज्यांना लावतात, वाळवतात. त्याच्या वासानं जळू चढत नाही. लहान मुलांच्या अंगाला मात्र तंबाखू लावू नका, त्यांना पायात घट्ट लांब मोजे. चिकटलीच तर ओढायची नाही. नखानं कडेनं सरकवून काढा, नाहीतर जखम पिकते.

औषधांच्या_दुकानातून · १५ जून

माझं टिळकवाडीत औषधांचं दुकान आहे. पावसात परदेशी निघालेल्यांना मी सांगते तेच इथं लिहिते.

लंकेत पश्चिम भागात पावसाबरोबर डेंग्यू वाढतो. हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी. त्यामुळं रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. मुलांना पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घाला, उघड्या अंगाला डासांचं मलम दिवसातून दोन-तीनदा लावा. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल. अंगदुखी म्हणून ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप दुसऱ्या दिवशीही राहिला तर रक्त तपासा. आणि ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका, पोटात दुखणं, उलट्या, सुस्ती याकडं लक्ष ठेवा. परत आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तरी डॉक्टरांना "आम्ही लंकेला गेलो होतो" हे आधी सांगा.

आईंच्या बीपीच्या गोळ्या पंधरा दिवस जास्तीच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, विमानात हातातल्या पिशवीत. ओआरएसची पाकिटं दहा. कोरड्या भागात ऊन फार असतं. पावसाळा म्हणून माणसं पाणी पीत नाहीत आणि तिथं घेरी येऊन बसतात.

चिकोडीकर_मास्तर · १५ जून

कागदपत्रांचं आजच बघा. आपल्या सीमाभागात हा घोळ घरोघरी आहे. जुन्या दाखल्यावर नाव मराठीत, रेशन कार्डावर कानडीत, आधारवर कानडीवरून इंग्रजीत उतरवलेलं. शांताबाईची कुठं 'शांतव्वा' झालेली असते, पाटीलच्या स्पेलिंगमध्ये तीन प्रकार असतात. पासपोर्टला हे सगळं जुळावं लागतं. आईंचा पासपोर्ट नवीन काढायचा असेल तर आधी आधार दुरुस्त करा, मग अर्ज. उलट केलं तर दोन महिने जातात. प्रवासाच्या परवान्याचे नियम लंकेनं अलीकडं बरेचदा बदललेत, त्यामुळं निघायच्या पंधरा दिवस आधी त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा, एजंटाच्या तोंडावर राहू नका.

येळ्ळूर_शिवार · २ जुलै

मास्तर, तुमचा सल्ला आला नसता तर आम्ही बसलोच असतो. आईच्या जन्मसालात आधार आणि मतदार कार्डात चार वर्षांचा फरक निघाला. दुरुस्ती झाली, पासपोर्ट मिळाला. स्वतःचा फोटो असलेलं ते पुस्तक आईनं देव्हाऱ्यात ठेवलंय. तिकिटं काढली. आश्लेषा लागली की निघतो. तोवर रोप लावून झालेलं असेल, आणि गणपतीच्या आधी परत येतो.

येळ्ळूर_शिवार · २४ ऑगस्ट

परत आलो, सगळे सुखरूप. या धाग्यानं आम्हाला नेलं आणि आणलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

निघालो त्या रात्री बेळगावात पाऊस कसा होता ते तुम्हाला माहीतच आहे. बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात पसरलेलं, आमचं रोप दिसत नव्हतं. मी बांधावर जाऊन आलो आणि मनात आलं की नको जाऊया. आईच म्हणाली, "पाणी उतरंल. रोप उभं राहतंय. चल." राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळुरू, तिथून दीड तासाचं विमान.

नेगोंबोला रात्रभर पाऊस, वारं. वैनी झोपल्या नाहीत. सकाळी नऊला निघालो. कुरुनेगलापर्यंत काच पुसत होतो, आणि डंबुल्ल्याच्या अलीकडं कधी थांबला ते कळलंही नाही. रस्त्याकडेला वाळलेलं गवत, लाल माती, मोरं. वैनींनी काच खाली घेतली आणि म्हणाल्या, "हे आमच्याकडचं वारं आहे." त्यानंतर त्या पुऱ्या प्रवासात पावसाबद्दल बोलल्या नाहीत. काका, तुमचा तेवढा एक परिच्छेद आमच्या घरातल्या पाच वर्षांच्या भीतीला पुरला.

हबरण्यात चार रात्री राहिलो. तळमजल्याच्या खोल्या पैसे भरून ठरवल्या होत्या, मिळाल्या दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तासभर भांडून एक खाली मिळवली. वयस्क माणूस बरोबर असेल तर हे निघायच्या आदल्या दिवशी फोन करून पुन्हा पक्कं करा.

सिगिरियाला पायऱ्या बाराशेच्या आसपास. पाचव्या शतकात कश्यप राजानं त्या खडकावर राजवाडा बांधला. आम्ही सकाळी सातला दारात होतो. मुलं आणि मी वर गेलो, आई वैनींबरोबर खालच्या बागेत बसली. तिथं राजाच्या वेळची कारंजी आहेत. पावसाळ्यात वरच्या तळ्यांतलं पाणी दगडी नळीतून दाबानं येतं आणि ती अजून उडतात. आम्हाला कोरडी मिळाली. कोरडी बाजू निवडली की ते आलंच. आईनं ती दगडी चाळण बोटानं चाचपून बघितली, आणि पाटाच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला जे कळायचं ते तिला कळलं.

तसंच पोलोन्नरुव्याला झालं. पुस्तकात गल विहाराच्या बुद्धमूर्तींचं वर्णन असतं, आणि त्या बघताना माणूस गप्पच होतो. पण आम्हाला घट्ट धरून ठेवलं ते पराक्रम समुद्रानं. बाराव्या शतकातल्या पराक्रमबाहू राजाचा तलाव. पावसाचा एक थेंबही माणसाच्या कामी आल्याशिवाय समुद्रात जाऊ नये, असं त्याचं म्हणणं होतं असं तिथं सांगतात. बांधावर उभं राहिलो तर पलीकडचा काठ धूसर. खाली पाट, पाटाखाली भात. अण्णा म्हणाला, हिडकलचं धरण आठवतंय. कोरड्या बाजूला इतकी मोठी राज्यं कशी उभी राहिली, ते मला त्या बांधावर समजलं. हिवाळ्यातला पाऊस धरून ठेवायचा आणि वर्षभर पुरवायचा, ही विद्या त्यांच्याकडं होती. चोळांनी बांधलेली दगडी शंकराची देवळंही तिथंच आहेत. आईनं पिंडीवर बाटलीतलं पाणी घातलं.

देवळांत टोपी आणि चपला काढायच्या, खांदे-गुडघे झाकलेले हवेत. दुपारी दगड असा तापतो की पाय भाजतात. मुलांसाठी जाड मोजे न्या, मोजे चालतात. बुद्धाकडं पाठ करून फोटो काढू नका, त्यांना ते लागतं. आणि तिकिटाला पासपोर्ट हातात ठेवा, सार्क देशांच्या माणसांना बऱ्याच ठिकाणी कमी दर आहे.

मिन्नेरियाला दुपारी तीनला जीप. तलावाचं पाणी आटत जातं तसं काठावर कोवळं गवत येतं आणि जुलै ते सप्टेंबर त्यासाठी हत्ती उतरतात. किती होते मोजता आले नाहीत, पिलं पायात लपलेली. खानापूरच्या बाजूला हत्ती भातात शिरले की काय होतं ते आम्ही ऐकून आहोत, त्यामुळं मुलांना मजा वाटली तरी आईनं हात जोडले. तलावात पाणी जास्त सोडलं असेल तर हत्ती शेजारच्या कौडुल्ल्याच्या जंगलाकडं जातात. त्या दिवशी कुठं आहेत ते आधी विचारून मगच तिकीट काढा.

मग त्रिंकोमली. समुद्र तळ्यासारखा शांत. पश्चिमेकडचे कोळीही या दिवसांत होड्या घेऊन इकडं येतात, असं ड्रायव्हरनं सांगितलं. मुलं तीन दिवस पाण्यातून बाहेर आली नाहीत. कोणेश्वराचं देऊळ समुद्रात घुसलेल्या कड्यावर आहे, किल्ल्यातून वर जायचं, वाटेत ठिपक्यांची हरणं माणसांच्या हातून खातात. पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात ते देऊळ पाडलं, आताचं नंतर उभारलेलं. गावाबाहेर कन्नियाची गरम पाण्याची सात कुंडं आहेत, प्रत्येकाचं पाणी वेगळं गरम. रावणानं आईच्या उत्तरकार्यासाठी तिथं पाणी काढलं अशी कथा. आई तिथं बराच वेळ बसली. म्हणाली, "त्यालाबी आई होती."

आता एक गोष्ट, जी मला सगळ्यांत जवळची वाटते. कोणेश्वराच्या वाटेवर एक तमिळ म्हातारी फुलं विकत होती. आईला बाजारापुरतं कानडी येतं, बैलहोंगलकडच्या बायकांबरोबर तांदूळ विकत शिकलेलं. तिनं फुलाकडं बोट करून विचारलं, "हू?" म्हातारी म्हणाली, "पू." आई हसली. मग दुधाला 'हालु', ती म्हणाली 'पाल'. पाण्याला 'नीरु', तिकडं 'नीर' चालतं. आईनं आभाळाकडं हात केला आणि विचारलं, "मळे इल्ला?" म्हातारीनं मान हलवली, "मळै इल्लै." पाऊस नाही. दोघी पंधरा मिनिटं बोलल्या, काय बोलल्या ते आम्हाला कळलं नाही. निघताना तिनं आईच्या केसांत गजरा माळला, पैसे घेतले नाहीत. आमच्याकडं ज्या भाषेवरून मनं दुखावतात, ती आईला हजार किलोमीटरवर अशी उपयोगी पडली. मला ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

शेवटी कँडी. पहिले दोन दिवस नुवारा एलियाला नारिंगी इशारा होता. थांबलो. बुद्धाचा दात ठेवलेलं दंतमंदिर बघितलं, पावसात तळ्याभोवती फिरलो. तिसऱ्या दिवशी पिवळ्यावर आला, ड्रायव्हर म्हणाला, हळू जाऊया, बघूया. पहाटे पाचला निघालो. गंपोळा गेलं, पुस्सेल्लावा गेलं. धुकं, चहाचे मळे, बारीक पाऊस. पुढं एका वळणावर ओढा रस्त्याखालून जात होता. आईनं गाडी थांबवायला लावली. ओढ्याचं पाणी गढूळ लाल येत होतं. ती खाली उतरली, छत्री धरून उभी राहिली. म्हणाली, "वर कुठंतरी माती सुटलीया. पोरं हाईत गाडीत. माघारी चला."

मी म्हटलं, आई, वीस-पंचवीस किलोमीटर राहिलंय. ती म्हणाली, "सीतामाईला कळतंय." तिनं डोंगराकडं तोंड करून रस्त्यावरच हात जोडले, पदरातलं नारळ ओढ्याकडंला ठेवलं आणि गाडीत बसली. ड्रायव्हरही काही न बोलता वळला.

त्या रस्त्यावर त्या दिवशी काही झालं नाही. इतर गाड्या वर गेल्या आणि खाली आल्या. मला ते वीस-पंचवीस किलोमीटर अजून टोचतात. घटप्रभा_काठ, तुम्ही लिहिलं होतं ते मनात होतं, म्हणूनच तिथवर तरी गेलो.

कणकुंबी_घाटमाथा · २४ ऑगस्ट

आमच्याकडं लहानपणापासून शिकवतात. पावसात ओढा अचानक लाल झाला किंवा वाहतं पाणी एकाएकी कमी झालं, तर त्या ओढ्याकाठी उभं राहायचं नाही. झाडं तिरकी दिसली, घराच्या भिंतीला नवी चीर गेली, तरी तेच. तुमच्या आईनं माहेरचं ते विसरलं नाही. त्यांना माझा नमस्कार सांगा.

घटप्रभा_काठ · २५ ऑगस्ट

दादा, वाचून डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही बरोबर केलंत, आईंनी त्याहून बरोबर केलं. जानेवारीअखेर ते मार्च डोंगराची ती बाजू सगळ्यांत कोरडी असते. फक्त तिथंच जायचं असेल तर चार दिवस पुरतात. मुलं नसतील तरी चालेल, तुम्ही दोघंच जा.

निपाणीची_सून · २५ ऑगस्ट

मी नको म्हटलं होतं, पण वाचून बरं वाटलं. जेवणाचं काय झालं? आणि थंडी किती होती वर? सासूबाईंना न्यायचं मनात आलंय.

येळ्ळूर_शिवार · २५ ऑगस्ट

ताई, जेवणाची अडचण आली नाही. 'उंबलकडा' हा शब्द आईनं पाठ केला होता, प्रत्येक ठिकाणी स्वतः विचारायची. परिप्पू आणि भात रोज. कँडीला संध्याकाळी शाल पुरते. वर नुवारा एलियाला स्वेटर लागेलच, उंची अठराशे मीटरच्या वर आहे. सासूबाई असतील तर रेनकोटपेक्षा मोठी छत्री बरी, साडीवर रेनकोट अडकतो. आणि जीन्स कुणालाच नको, एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही.

शहापूर_गल्ली · २६ ऑगस्ट

मी फेब्रुवारीत पुन्हा जाणार आहे, यावेळी डोंगराकडंच. आईंना यायचं असेल तर आमच्याबरोबर येऊ देत. बेंगळुरूहून मी सगळं बघते.

येळ्ळूर_शिवार · २६ ऑगस्ट

ताई, आत्ताच आईला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, फेब्रुवारीत कितवी तारीख? मसूर काढून झाली की येते म्हणतेय.